वीतभर कापड, न धुतलेलं

माझ्या आईचे गुडघे काळे पडलेले होते आणि लहानपणी मला त्याची लाज वाटायची. नळावर ती साडी वर खोचून कपडे धुवायला बसली की ते दोन घट्टे दिसत आणि मी उगाच इकडेतिकडे बघे, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. घट्टे पडले होते ते बालवाडीमुळे. आई लहान मुलाशी कधी उभ्याने बोलली नाही. मूल समोर आलं की ही गुडघ्यांवर. बालवाडीच्या कोब्यावर, वाण्याच्या पायरीवर, एकदा तर भर रस्त्यात, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना. मुलाचे डोळे आणि तिचे डोळे एका रेषेत आले की मगच ती तोंड उघडायची. नवरा, सासू, मुख्य सेविका, कुणासमोरही न वाकणारी ही बाई अडीच फुटी पोरांसमोर मात्र दिवसातून पन्नास वेळा खाली जायची. आज माझे स्वतःचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात तेव्हा मला तिचे ते घट्टे आठवतात, आणि लाज वाटते ती माझी.

आम्ही अंधेरीच्या पश्चिमेला राहायचो, जुहूकडे जाताना चाळी संपतात आणि कोळीवाडा सुरू होतो तिथे. दोन खोल्या, त्यात आई, बाबा, मी. बाबा आधी गिरणीत होते, मग विक्रोळीला एका औषध कंपनीत पॅकिंगला लागले. येताना रिकामी खोकी घेऊन यायचे आणि आई ती खळ लावून, कागद चिकटवून ठोकळे बनवायची. घरात पाय ठेवायला जागा नसायची, पण मुलांच्या किल्ल्याला ठोकळा कमी पडलाय असं कधी झालं नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं, रविवारी बांगडे आणि सोलकढी, आणि मधल्या दिवसांत जे आईला आठवेल ते. कारण आई स्वयंपाक करतानासुद्धा बालवाडीतच असायची. एका हाताने भाकरी थापता थापता दुसऱ्या हाताची सोंड करून ती गाण्याच्या हालचाली बसवायची. बाबा शांतपणे म्हणायचे, "अगो, हत्ती झालंस तर हो, पण भाकरी करपतली." भाकरी करपलेलीच असायची. बाबा ती पेजेत बुडवून खायचे आणि माकड कसं उडी मारतं ते तिला करून दाखवायचे.

बालवाडी म्हणजे एका मंडळाची खोली होती. गणपतीत तिथे गणपती बसायचा आणि उरलेलं वर्षभर आईची पंधरा-सोळा मुलं. निम्मी चाळीतली, निम्मी कोळीवाड्यातली. पालकांना वाटायचं, बाईंनी पाटीवर अ-आ-इ गिरवून घ्यावं. आई पहिले सहा महिने पाटी काढायचीच नाही. ती मुलांना एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतायला लावायची. चिंचोके निवडायला लावायची, शंखशिंपले लहानमोठे लावायला सांगायची. एक बाप तावातावाने येऊन म्हणाला होता, "बाई, पोराला काय हॉटेलात लावायचाय का आम्हाला? नुसतं पाणी ओततंय." आई म्हणाली, "न सांडता ओतायला लागला की त्याच्या हातात पेन्सिल देते. तुम्ही ओतून दाखवता का?" त्याने ओतून दाखवलं आणि सांडलं. तो पुन्हा आला नाही, पण पोरगा रोज येत राहिला.

आणि मग ती कापडं. जूनमध्ये कुणी बाई मूल दाखल करायला आली की आई तिच्याकडे एक वस्तू मागायची. अंगावरच्या जुन्या साडीचा किंवा लुगड्याचा वीतभर तुकडा, न धुतलेला. बायका ओशाळायच्या. शाळेत मळकं कापड कसं द्यायचं? त्या घरी जाऊन धुऊन, घडी घालून, एखादी तर चक्क इस्त्री करून आणायची, आणि आई ते परत पाठवायची. "असं नको. कालपासून अंगावर आहे ते फाडून द्या." खोलीच्या भिंतीला मुलांच्या छातीइतक्या उंचीवर खिळे होते, प्रत्येक खिळ्यावर एक चित्र, कुणाची छत्री, कुणाचं केळं, कुणाची होडी. त्या खिळ्याला ते कापड. पहिले दिवस रडारडीचे. आई कधी कुणाला "रडू नको" म्हणाली नाही. ती मुलाला खिळ्यापाशी न्यायची. मूल कापडात तोंड खुपसायचं, आईच्या घामाचा, तेलाचा, चुलीचा वास ओढून घ्यायचं, हुंदके कमी व्हायचे आणि मग ते आपापलं पाणी ओतायला यायचं. दसऱ्यापर्यंत बहुतेक मुलं कापड विसरून जायची. हे तिला कुठल्या शिबिरात कुणी शिकवलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "गाय नाय वासराक चाटून ओळखता? तसाच."

मीही त्याच बालवाडीत शिकले. मला मात्र खिळा नव्हता. माझी आई तिथेच होती, मग मला कापड कशाला? दारात शिरलं की तिला बाई म्हणायचं, हा तिचा नियम, आणि इतर मुलं आपापल्या खिळ्याकडे पळायची तेव्हा मी मधोमध उभी राहून कुठे जायचं ते ठरवत असायची. हे आत्ता सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते मी निव्वळ चांगुलपणाने केलं असं मी पन्नास वर्षं सर्वांना सांगत आलेय. या वयात मला त्याची तितकीशी खात्री वाटत नाही.

मी दहा वर्षांची असेन. आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती आणि आई मुलुंडला बालवाडी शिक्षिकांच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेली होती. मला वाटलं, ती परत येईपर्यंत खोली चकाचक करून तिला चकित करावं. शेवंतामावशी म्हणून मदतनीस होत्या, त्यांच्याकडून किल्ली घेतली. जळमटं काढली, चटया झटकल्या, पेले चिंच लावून घासले. मग ती कापडं दिसली. मेणचट, काळपट, काहींना मासळीचा वास. मी सगळी बादलीत घातली, साबणाची वडी किसून टाकली, पायाने तुडवली आणि तीन पाण्यांतून काढली. वाळल्यावर पुन्हा ज्याची त्याची त्या त्या खिळ्याला लावली. एकही चित्र चुकू दिलं नाही, याचाही मला अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खोलीत आली. बालवाडीची छोटी सुट्टी आदल्याच दिवशी संपली होती. दारातच तिने श्वास आत ओढला आणि थांबली. मी कौतुकाची वाट पाहत होते. ती सरळ होडीच्या चित्रापाशी गेली, ते हिरवं कापड नाकाशी धरलं. मग घरातल्या भाषेत, बालवाडीत ती कधी बोलत नसे त्या भाषेत म्हणाली, "ह्या कोणी धुतल्यान?"

"मी."

ती भिंतीला टेकून खाली बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढंच मला कळलं. मारुती केवढा मोठा ते कळलं नव्हतं. ते आईने सांगितलं. होडीचं चित्र हिराचं होतं. हिरा कोळीवाड्यातली, साडेचार वर्षांची. तिची आई चंद्रा हिने जूनमध्ये स्वतःच्या हाताने ते लुगडं फाडून दिलं होतं, आणि श्रावणात ती काविळीने गेली. त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिचे कपडे, अंथरूण, सगळं देऊन टाकलं, काही पाण्यात सोडलं. तिच्या अंगाला लागलेली एकच वस्तू या जगात उरली होती, आणि ती मी पायाने तुडवून तीन पाण्यांतून काढली होती. बाकीची मुलं कापडं विसरली होती. हिरा रोज आली की आधी खिळ्यापाशी जायची, मिनिटभर उभी राहायची आणि मग कामाला लागायची.

शेवंतामावशी म्हणाल्या, "बाई, थोडं खोबरेल चोळा, सुकटीच्या डब्यात ठेवा तासभर. एवढंसं लेकरू, त्याला काय कळतंय?" माझ्या जिवात जीव आला. मी डबा आणायला उठलेसुद्धा. आई म्हणाली, "तिला कळेल. आणि नाही कळलं तरी मला कळेल ना." मला म्हणाली, "तू हयच बस. घराक जाव नको."

हिरा आली. खिळ्यापाशी गेली, कापडात तोंड घातलं आणि बाहेर काढलं. पुन्हा घातलं. मग तिने शेजारचं, छत्रीचं कापड हुंगलं. मग केळ्याचं. तिला वाटलं, अदलाबदल झाली असेल. एकेक करत ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधराही कापडं हुंगत गेली. मी आयुष्यात पुष्कळ दुःखं पाहिली, दोन मरणं तर या मांडीवर झाली, पण त्या पोरीचं ते भिंतीने सरकत जाणं मला अजून बघवत नाही.

आई गुडघ्यांवर बसली. म्हणाली, "हिरा, हे कापड धुतलं गेलं. त्यातला आईचा वास गेला. तो मला परत आणता येत नाही. चूक माझी आहे, हे धुवायचं नाही असं मी सांगून ठेवायला हवं होतं." आणि तिने हात जोडले. मोठ्या माणसाने पोराची माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या शाळेत तर गुरुजींचा हिशेब चुकला तरी छडी आम्हालाच बसायची. मी कोपऱ्यातून म्हटलं, "मी धुतलं." हिराने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. रडली नाही. दारातून बाहेर पडली आणि कोळीवाड्याच्या दिशेने चालू लागली. आई घरापर्यंत तिच्या चार पावलं मागे चालत गेली.

हिरा दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आई मला घेऊन तिच्या घरी गेली. अंगणात बोंबील वाळत घातले होते. हिराची आजी, म्हणजे चंद्राची सासू जनाबाई, काठी घेऊन कावळे हाकत होती. बाप होडीवर गेलेला. हिरा उंबऱ्यात पाठमोरी बसली होती. जनाबाईची बोली मला हुबेहूब उतरवता येणार नाही, पण शब्द लक्षात आहेत.

"फडक्याचा काय एवढा? बरा झाला धुतला. रोज ते हुंगायचा नि आयशीची आठवण काढायची. आता इसरंल."

"ती विसरणार नाही, जनाबाई. तिला आठवायला काही मिळणार नाही, एवढंच होईल. तुम्ही सांगता का तिला चंद्राबद्दल काही?"

"मेलेल्या माणसाचा नाव पोरासमोर काढत नाय आम्ही. मेलेल्याला घराची ओढ लागते. आणि शाळा आता बस झाली. माझ्याजवळ राहील, बोंबील राखील."

आईने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "पंधरा दिवस माझ्याकडे द्या. तुमच्या घरात नाव निघणार नाही, माझ्या खोलीत निघेल. पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणाल तसं." जनाबाईने कावळ्याला काठी उगारली, पण बोंबलाचे दिवस होते आणि पोर पायात येत होती. दुसऱ्या दिवशी हिरा बालवाडीत आली. खिळ्याकडे तिने पाठ केली आणि बसली.

आणि आईने जे आरंभलं ते आजही मला अचाट वाटतं. ती मासळी बाजारात गेली. चंद्रा ज्या ओळीत बसायची तिथल्या बायकांना म्हणाली, "तुमच्यातल्या एकीने रोज बालवाडीत यायचं आणि चंद्राची एक गोष्ट सांगायची. फक्त एक, आणि खरी." बायका आधी हसल्या. शाळेत जाऊन काय बोलायचं म्हणून लाजल्याही. बाजारात गिऱ्हाइकाला पळवून लावणाऱ्या या बायका, पण पंधरा पोरांसमोर बोलायचं म्हटल्यावर पदर चावायला लागल्या. पण आल्या. दुपारी मासळी संपवून, रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून, अंगणात हात धुऊन एकेक बाई आत येऊन उकिडवी बसायची. एकीने सांगितलं, चंद्रा बेडकाला भ्यायची. पापलेटाचं डोकं एका घावात उडवणारी बाई, पण बेडूक दिसला की टोपली टाकून पळायची. दुसरीने सांगितलं, गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की चंद्रा त्याला झापायची आणि तो दहा पावलं गेला की स्वतःच हाक मारून बोलवायची. तिसरी म्हणाली, तिला आरतीचे शब्द कधी पाठ झाले नाहीत, पण आवाज सगळ्यांत मोठा. एक तर आली, गोष्ट विसरली, रडून परत गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा आली.

बाकीची मुलं खदखदून हसायची, बेडूक होऊन उड्या मारायची. हिरा पाठ करून चिंचोके निवडत राहायची. आई तिला वळ म्हणाली नाही, ऐकलंस का म्हणून विचारलं नाही. घरी मात्र आई जेवायची नाही. बाबा म्हणाले, "पोर तुझी नाय ती, इतका लावून घेव नको." आई म्हणाली, "माझ्या खोलीत आसा तितको वेळ माझीच." मी तेव्हा दिवस मोजत होते. हिरा पुन्हा बोंबलांपाशी जाऊन बसली तर ते माझ्यामुळे, हे मला स्वच्छ समजलं होतं. मी देवाला नवस बोलले, बांगडा सोडला, अभ्यासही केला. आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पंधराव्या दिवशी जनाबाई आली. नातीला न्यायला. दारातच उभी राहून म्हणाली, "चल गो." बालवाडी सुटत आली होती. हिरा उठली.

आई म्हणाली, "जनाबाई, सगळ्या सांगून गेल्या. तुम्ही राहिलात."

"मना काय सांगायचा नाय. माझा नि तिचा पटत नव्हता, अख्ख्या कोळीवाड्याला म्हायती हाय. चांगला सांगायला काय नाय माझ्याजवळ."

"मग वाईट सांगा. खरं असलं म्हणजे झालं."

जनाबाई आईकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी कडक बोलणार. पण ती आत आली, खाली बसली, आणि जणू कोर्टात तक्रार मांडावी तशी सुरू झाली. चंद्रा उलट बोलायची. चंद्रा सकाळी लवकर उठायची नाही. केर काढला की कोपरे सोडायची. "आणि चोरटी होती. माशाच्या अंड्यांची गाबोळी तळायला घेतली की माझी पाठ वळायचा अवकाश, तव्याच्या कडेची एक तोंडात. अजून कुणाचा पान मांडला नाय नि ही चावतेय. तोंड भाजायचा, डोळ्यांत पाणी यायचा, पण थांबायची नाय. इचारला तर सांगायची, मांजर आला होता."

हिरा वळली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचं तोंड आमच्याकडे झालं.

"मी पण खाते," ती म्हणाली. "तव्यावरची. चोरून."

"म्हायती हाय मना," जनाबाई म्हणाली. "म्हणून तर एक कडेला ठेवते मी. मुद्दाम."

खोलीत मुलांची गडबड चालूच होती, कुणीतरी पेला पाडला. आई पुढे सरकली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "चंद्रासाठी पण ठेवायचात?"

जनाबाईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"तिच्यासाठीच ठेवायची," ती म्हणाली. "ती गेली, पण हात काय ऐकत नाय."

हिरा येऊन तिच्या मांडीत बसली. जनाबाई आधी आखडली, मग तिने पोरीच्या केसांत तोंड घातलं आणि वर काढलंच नाही. मी आईकडे पाहिलं. काय करावं ते तिला नेहमी ठाऊक असायचं. त्या दिवशी ती नुसती बसून होती, आणि गालांवरून ओघळणारं पाणी पुसायचंही तिला सुचत नव्हतं. तोंड केसांतच ठेवून जनाबाईने विचारलं, "बाई, उद्या शाळा किती वाजता?"